लोकरीला विटाळ नाही

मला विणायचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. ओळ पुरी झाल्याशिवाय मला जागेवरून उठता येत नाही. दारात पाहुणा उभा असो की चुलीवर दूध असो, हातातली ओळ संपल्यावर मी त्यांच्याकडे बघणार. पुण्याला मुलींच्या शाळेत एका बाईंनी मला हा नाद लावला, आणि पुण्याला तो शोभूनही दिसे, कारण तिथे निदान थंडी पडते. तिथून लग्न होऊन मी आले श्रीवर्धनात. तिथे पौषातसुद्धा माणसं पंचा नेसून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसतात आणि उकडतंय म्हणून कुरकुरतात.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या सुमाराची. आगबोटीतून उतरले तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगड्यांपेक्षा लोकर जास्त होती. सासूबाईंनी ट्रंक उघडून बघितली आणि एवढंच विचारलं, "ही मेंढरं कोणाची गो?" सासूबाई तशा कमी बोलायच्या, पण बोलल्या की समोरच्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरायचं.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या पोलादी सुयांना खारा वारा लागला. गंज चढला, आणि पांढऱ्या लोकरीवर तांबूस डाग पडायला लागले. आमच्या वाडीतला रहाट दुरुस्त करायला एक सुतार यायचा. त्याला मी म्हटलं, मला लाकडाच्या दोन काड्या करून दे, हातभर लांब, एका टोकाला बारीक.

"केसात खोवाया?" त्यानं विचारलं.

"नाही, विणायला."

"जालं इनायचं हाय? त्याची सुई येगली असतं, वैनी. टोकाला नेढं लागतं."

"जाळं नाही रे. लोकर."

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. ब्राह्मणाच्या सुनेनं मासे धरायला जाळं विणायला घेतलंय आणि ती लाजेनं लोकर म्हणतेय, असं त्याचं मत झालं. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या पाखाडीचं, म्हणजे आमच्या आळीचंही झालं. काड्या मात्र त्यानं सुरेख केल्या. जुन्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, बुंध्याच्या पाठीचं कडक लाकूड, काळ्या रेघांचं, काचेनं घासून गुळगुळीत केलेलं. त्या सुयांवरून लोकर अशी सरकायची की मला पुण्याच्या सुयांची आठवणसुद्धा आली नाही.

मग मी विणत सुटले. पहिला नवऱ्यासाठी हिरवा गलपट्टा. नवरा तिथल्या शाळेत मास्तर होता. बिचारा माझ्या प्रेमाखातर एक दिवस तो गळ्यात घालून शाळेत गेला. मास्तरांना गालगुंड झालंय, अशी बातमी मधल्या सुट्टीत गावभर पसरली. दुपारी आमच्या ओटीवर तीन बायका तीन प्रकारचे लेप घेऊन हजर झाल्या. त्यानंतर गलपट्टा खुंटीवर गेला तो गेलाच. मामंजींना मी कानटोपी विणली. ते देवमाणूस. त्यांनी ती रोज वापरली, पण डोक्यावर नाही. त्यात अडकित्ता ठेवायचे. पानाच्या डब्यात तो खडखडत नाही म्हणून त्यांना टोपीचं फार कौतुक होतं.

ते दिवस सूतकताईचे होते. नवरा संध्याकाळी ओटीवर बसून टकळीवर सूत काढायचा. ते दर दोन हातांवर तुटायचं. येणारे-जाणारे थांबून त्याला नमस्कार करायचे. मी आत बसून एका बैठकीत वीतभर विणायचे तर सासूबाई म्हणायच्या, "काय खूळ घेतलंस हे." पुरुषानं सूत काढलं की देशसेवा, बाईनं लोकर विणली की खूळ. हे मी तेव्हा तोंडानं म्हटलं नाही, आज म्हणते.

पण एका बाबतीत सासूबाईंचं चुकलं नव्हतं, आणि तेही सांगायला हवं. लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. मार्गशीर्षात खळ्यात सुपारी वाळत घातली होती. मळभ आलं होतं. सासूबाई देवळात निघाल्या, जाताना बजावून गेल्या, की थेंब पडला तरी सुपारी भरून आत घे. मी "हो" म्हटलं आणि विणायला बसले. थेंब पडला. मी एकशेबाराव्या टाक्यावर होते आणि ओळ होती एकशेचाळीसची. अठ्ठावीस टाके म्हणजे किती वेळ, असं मी मनाशी म्हटलं. पाऊस माझ्या अठ्ठावीस टाक्यांसाठी थांबला नाही. शेवटचा टाका घालून मी बाहेर आले तेव्हा सुपारी खळ्यातल्या पाण्यात तरंगत होती आणि सासूबाई दारात उभ्या होत्या, नखशिखांत भिजलेल्या.

त्या वर्षीची अर्धी सुपारी काळी पडली. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या काड्या या घरात मला पुन्हा दिसल्या तर चुलीत जातील."

मी सुया ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. चूक माझीच होती. पण हातांना काय सांगणार? माझी बोटं पदराशी चाळा करायची, तांदूळ निवडताना टाके मोजायची. त्या घरात सगळं सासरचं होतं. भांडी, देव, गाय, बोलण्याची रीतसुद्धा. माझं म्हणावं असं त्या दोन काड्यांखेरीज काहीच नव्हतं, आणि त्या ट्रंकेत पडून राहिल्या याचं मला खरोखर रडू यायचं.

मग मला कावळा शिवला.

आजकालच्या मुलींना सांगावं लागेल. महिन्याचे ते तीन दिवस बाईनं मागच्या पडवीत बसायचं. कोणी तिला शिवायचं नाही, तिच्या वस्तूंना शिवायचं नाही, जेवण वरून वाढायचं. बसायला कांबळं द्यायचं, कारण लोकरीला विटाळ होत नाही. घरात काम करायची बंदी, म्हणून बाकीच्या बायका त्या तीन दिवसांत झोपून घ्यायच्या. मी त्या सकाळी पडवीत जाताना ट्रंकेतून सुया आणि एक गुंडा उचलून नेला.

दुपारी सासूबाई जेवण घेऊन आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. मी खाली मान घालून सुलट-उलट, सुलट-उलट.

"टाक त्या काड्या."

"टाकते, आई. चौथ्या दिवशी न्हाले की."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवता येत नव्हतं. त्यांचा तो हात बघून मला हसू आलं, आणि ते दाबता दाबता दोन टाके सुटले. सासूबाई आत गेल्या आणि मामंजींकडे फिर्याद केली. मामंजी अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते शांतपणे म्हणाले, "लोकरीला विटाळ नाही, असं तूच सांगत असतेस. मग तीन दिवस तिनं लोकर हाताळली तर बिघडलं कुठे? सुपारी काय पडवीत भिजत नाही."

अशी मला महिन्याकाठी तीन दिवसांची मोकळीक मिळाली. इतर बायका त्या दिवसांना कंटाळायच्या. मी मात्र कावळ्याची वाट बघत बसायचे.

वाट न बघणारं एक माणूस घरात होतं. लग्नाला चौथं वर्ष सुरू झालं होतं आणि पाळणा हलायची चिन्हं नव्हती. सासूबाईंनी हरिहरेश्वराला अभिषेक बोलला होता. मी पडवीत निघाले की त्या स्वतः कांबळं आणून ठेवायच्या. ठेवताना म्हणायच्या, "असू दे हो." बस, एवढंच. मला टोचून कधी बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी देवापुढची त्यांची बैठक लांबायची, आणि हातातलं विणकाम मला जरा जड व्हायचं.

फाल्गुनात एकदा मामंजींनी पुन्हा माझी बाजू घेतली. सुनेला दुपारी घटकाभर घरात विणू द्यावं, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "या घराच्या उपयोगाची एक वस्तू तिनं करून दाखवावी. एक. अडकित्त्याचं टोपडं नको. दसऱ्यापर्यंत मुदत. झाली तर बसू दे माजघरात खुशाल. नाही झाली तर दसऱ्याला शस्त्रं पुजतात, तेव्हा तिची शस्त्रं मी चुलीत पुजीन." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग पडवीतही नाही. समजलीस?"

समजले. त्या बोलल्या की तसं करायच्या.

उपयोगाची वस्तू कोणती, यावर मी महिनाभर डोकं खाजवलं. उत्तर सासूबाईंच्या पाठीवर होतं. त्या सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. सोवळ्याचं लुगडं धुऊन उंच दांडीवर, कोणाचा हात न लागता वाळायला हवं, आणि आमच्याकडे आषाढात दांडीवर वाळत काही नाही, शेवाळ तेवढं धरतं. म्हणून पावसाळाभर त्या धाबळी नेसायच्या. धाबळी म्हणजे लोकरीचं जाडंभरडं वस्त्र. ते रोज धुवावं लागत नाही, त्याला विटाळ नाही. पण ते असं टोचायचं की सासूबाई चुलीपुढे बसून डाव्या हातानं ढवळायच्या आणि उजव्यानं खाजवायच्या. श्रावणापर्यंत त्यांच्या कमरेवर आणि पाठीवर लाल चट्टे उठायचे. त्यावर खोबरेल लावायचं काम माझं होतं. त्या तेलाची आठवण झाली आणि मला सुचलं, की मऊ लोकरीची धाबळी विणायची.

भावाला पत्र घातलं. विलायती नको, एवढीच नवऱ्याची अट. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीनं पांढऱ्या लोकरीच्या लडी आल्या. एवढी रुंद वस्तू हातभर सुयांवर मावणार नाही, म्हणून मी हिशेब केला: लांब चार पट्ट्या विणायच्या आणि कडेनं जोडायच्या. जोडायला धागाही लोकरीचाच. सुती दोऱ्यानं शिवलं की तो दोरा विटाळ धरणार आणि सगळी धाबळी ओवळी. तीन दिवसांत एक पट्टी. जेठात एक, आषाढात एक, श्रावणात एक, भाद्रपदात एक. अश्विनात दसरा. माझ्या आयुष्यात इतका नेमका हिशेब मी पुन्हा केला नाही.

जेठातली पट्टी झाली. आषाढातली झाली. बाहेर पोफळी गळत होत्या, पडवीच्या कडेनं पागोळ्या, आणि मी मध्ये कांबळ्यावर बसून सुखात विणत होते. सासूबाई जेवण वाढायला यायच्या, माझ्या मांडीवरल्या पट्टीकडे बघायच्या, विचारायच्या काही नाहीत. मीही सांगितलं नाही.

श्रावण लागला आणि कावळा आला नाही.

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. दहाव्या दिवशी सकाळी फोडणीच्या वासानं मी विहिरीकडे धावले आणि तिथे उभी राहून सगळं लक्षात आलं. चार वर्षांनी घरात ही बातमी येत होती. मला आनंद झाला का? झाला, फार झाला. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला तो सांगायची मला अजून लाज वाटते. मला वाटलं, मेलं, आता पडवी नाही. नऊ महिने पडवी नाही. दोन पट्ट्या राहिल्या, आणि दसऱ्याला सुया चुलीत.

सासूबाईंना दिवस गेल्याचं सांगून, "आता घरात बसून विणू द्या," असं म्हणायला काय हरकत होती? कोणीही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. पण शब्द म्हणजे शब्द. दसऱ्यापर्यंत वस्तू, मग माजघर. गरोदर आहे म्हणून मिळालेली सूट मला नको होती. मला त्या दोन काड्या माझ्या हक्कानं हव्या होत्या. तेव्हा मी चोविशीची होते आणि डोक्यात माझ्या लोकरच भरलेली होती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली मान घालून म्हटलं, "आई, कावळा शिवला."

सासूबाईंनी कांबळं आणून ठेवलं. नेहमीसारखं "असू दे हो" म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, बिचारीचा धीर आता सुटला. मी पडवीत बसून एक ओळ विणायचे आणि एकदा ओकायचे. ओकताना आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा. तिसरी पट्टी मी कशी विणली ते माझं मला माहीत.

नवऱ्याला सांगणं भाग होतं. तो मास्तर, पोरांची लबाडी चेहऱ्यावरून ओळखायचा, पण स्वतःला एक गुपित सांभाळता येईना. आई समोर आली की त्याला खोकला सुटायचा. "आईला सांग," असं तो रोज म्हणायचा. "दसऱ्यानंतर," असं मी रोज म्हणायचे. महिनाभर खोकल्यावर सासूबाईंनी त्याला अडुळशाचा काढा सुरू केला, तोही तो मुकाट्यानं प्यायला.

भाद्रपदात माझी खोटी पाळी नेमकी गणपतीत आली. खरं म्हणजे माझ्याच हिशेबानं आली. दुसरे दिवस सांगितले असते तर सासूबाईंनी बोटांवर मोजून मला पकडलं असतं. वर्षातला मोठा सण, नैवेद्याला एकवीस मोदक, पाहुण्यांची पानं, आणि घरची एकुलती सून पडवीत बसलेली. आत सासूबाई एकट्या उकड मळत होत्या, टोचरी धाबळी नेसून, मध्येच खाजवत. त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी त्यांच्यासाठीच विणतेय असं मनाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मनानं ऐकलं नाही. त्या दिवशी मी विणता विणता रडले, आणि तरी ओळ सोडली नाही.

दुपारी त्या माझं पान घेऊन आल्या. नेहमी बाहेर बसलेल्या बाईला दोन मोदक मिळत. त्यांनी वरून सात टाकले, तेही तुपात बुडवून. बाजूला आंब्याचं लोणचं, भरपूर. मऊ भात वेगळा शिजवलेला. "खा," म्हणाल्या. मला वाटलं, सणाचा दिवस, दया आली असेल. माझ्या डोक्यात तेव्हाही उजेड पडला नाही.

त्याच तीन दिवसांत तो सुतार आला होता. सासूबाई त्याच्याशी विहिरीपाशी हळू आवाजात काही बोलत होत्या. जाताना तो पडवीसमोर थांबला.

"वैनी, बरी हायेस न्हवं? जालं झालं काय इनून?"

"झालंच," मी म्हटलं. दांडी तुटली असेल, सासूबाईंनी त्याला नवी करायला सांगितली असेल, असं मी धरून चालले.

जाळं मात्र झालं नव्हतं. चौथ्या पट्टीला लोकर कमी पडली. दोन विती राहिल्या आणि गुंडा संपला. आगबोटी बंद, भाऊ पुण्यात. नवरा खिडकीतून खोकत होता. त्याच्याकडे बघताना मला खुंटीवरचा हिरवा गलपट्टा दिसला. मी त्याला तो फेकायला सांगितला आणि त्याच्या डोळ्यांदेखत उसवला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं. चौथ्या पट्टीच्या शेवटच्या दोन विती हिरव्या झाल्या.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले. पट्ट्या जोडणं राहिलं होतं. ते मी गोठ्याच्या मागे, गाईच्या आडोशाला बसून, रोज दुपारी थोडं थोडं लोकरीच्या धाग्यानं केलं.

दसरा उजाडला. देवापुढे पाटावर सगळी हत्यारं मांडली होती: सुपारी उतरवायचा कोयता, विळी, मामंजींचा अडकित्ता, नवऱ्याची टकळी. सासूबाई सोवळ्यात होत्या, त्याच जुन्या धाबळीत. त्या स्वयंपाकघरात चुलीशी बसल्या होत्या. मला हाक मारली.

"मुदत संपली. काय केलंस ते दाखव."

मी घडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलगडली. हात फिरवला, उलटा आणि सुलटा. तिन्ही जोड बारकाईनं तपासले. "शिवलंस कशानं?"

"लोकरीनंच, आई."

त्या उठून कोठीच्या खोलीत गेल्या आणि नवी धाबळी नेसून आल्या. विणलेली वस्तू ती. वजनानं ओढ खाऊन घोट्याच्या खाली उतरली होती, आणि हिरव्या दोन विती नेमक्या समोर आल्या होत्या. त्या चुलीपुढे बसल्या. खाजवलं नाही. थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, जणू टोचायची वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुया आण."

मी आनंदानं धावत जाऊन पडवीतून सुया आणल्या. त्यांनी त्या जमिनीवर ठेवायला लावल्या, चिमट्यानं उचलल्या आणि सरळ चुलीत घातल्या.

पोफळीचं लाकूड लगेच पेटतं. मी बघतच राहिले. मग मला असं रडू फुटलं की मला आवरेना, आणि रडता रडता पोटात दडवलेलं सगळं तोंडून निघालं. मी दोन महिने खोटी बाहेर बसले, गणपतीत तुम्हांला एकटीला राबवलं, मला श्रावणापासून दिवस गेलेत, आणि हे सगळं त्या सुयांसाठी केलं, आणि तुम्ही त्या जाळल्यात.

सासूबाई चिमट्यानं निखारे सारखे करत होत्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. कावळा शिवलेली बाई तोंडात बोळा घालून ओकते का गो? आणि मागच्या दोरीवर दोन महिने तुझं एकही फडकं वाळत पडलं नाही, ते मला दिसत नाही होय? त्यात तो खोकला. अडुळशानं गेला नाही तेव्हाच मी ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुला पडवीतून उठवावं लागलं असतं. उठवलं असतं तर माझी धाबळी अर्धी राहिली असती." त्यांनी हिरव्या भागावरून बोटं फिरवली. "चार वर्षं मी या बातमीची वाट बघितली. तुझ्या तोंडून ऐकायची होती. म्हटलं, थांबू. बाई विणतेय ते माझ्यासाठीच विणतेय. हिरवं बरं घातलंस हो. शुभ असतं."

मी नाक पुसलं. "पण सुया का जाळल्या?"

"जेठ-आषाढात तू खरी बाहेर होतीस ना? लोकरीला विटाळ नाही. लाकडाला आहे. त्या काड्या माजघरात कशा चालतील? देवापुढे जाऊन बघ."

मी गेले. कोयत्याच्या आणि टकळीच्या मध्ये, मघाशी माझं लक्षच गेलं नव्हतं, दोन नव्या सुया ठेवल्या होत्या. पोफळीच्या, काळ्या रेघांच्या, काचेनं घासलेल्या. त्यांना हळद-कुंकू लावलं होतं आणि वर झेंडूचं फूल होतं. मागून सासूबाईंचा आवाज आला.

"बाळाचं आधी काही विणायचं नाही, चांगलं नसतं. तोवर माझ्या हरिहरेश्वरच्या बहिणीची धाबळी विणायला घे. तिलाही टोचते. अभिषेकाला जाऊ तेव्हा देऊ. दुपारी माजघरात बसत जा." मग म्हणाल्या, "आणि ओळ पुरी झाल्याशिवाय उठू नकोस. पाऊस आला तर सुपारी मी भरीन."